ठोकळे कोणाच्या हाती?

एका ठोकळ्याला काटकोनात तीन ठोकळे जोडले की चारांचा चौरस होतो; त्याला पाच जोडले की नवांचा. विषम संख्यांच्या बेरजेतून वर्गसंख्या घडते, हे मूल स्वतःच्या हातांनी शोधते. असे हाताळून शिकावे, म्हणूनच जर्मनीत फ्रोबेलने बालशिक्षणात ठोकळे आणले. प्रशियाच्या राजवटीने १८५१ साली निरीश्वरवाद व समाजवाद यांचा ठपका ठेवून बालोद्यानांवर बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली.

आज बंदीची गरज नाही. खेळण्याची किंमतच गरिबाच्या मुलाला दूर ठेवते. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी परिसरातील साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. गावच्या सुताराने घडवलेले ठोकळे प्रत्येक अंगणवाडीत हवेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत लावून धरली पाहिजे.