जात जन्माने नव्हे, कर्माने

शब्दांच्या जाती किती, असे शाळेतील कोणत्याही वर्गात विचारले की 'आठ' हे उत्तर एका सुरात येते. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतची माळ विद्यार्थी न अडखळता म्हणतात. इंग्रजी तासाला तीच माळ 'नाउन', 'प्रोनाउन' या नावांनी फिरविली जाते. परंतु त्याच विद्यार्थ्यास रजेचा चार ओळींचा इंग्रजी अर्ज लिहावयास सांगितला, तर यातील काहीही त्याच्या उपयोगी पडत नाही. दोष व्याकरणाचा नाही. ते ज्या रीतीने शिकविले जाते तिचा आहे.

आठ हा आकडा निसर्गाने नेमून दिलेला नाही. यास्काने पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार प्रकार मानले; पाणिनीने सुबन्त आणि तिङन्त या दोहोंतच सर्व पदे बसविली. आठांची परंपरा ग्रीकांची. ग्रीक भाषेतील उपपद लॅटिनमध्ये नव्हते. तेथील वैयाकरणांनी केवलप्रयोगी अव्ययास स्वतंत्र स्थान दिले आणि आकडा कायम राहिला. लिंडले मरे याने १७९५ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात उपपदासह नऊ जाती मानल्या. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण रचले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा आदर्श होता. तात्पर्य, ही वर्गवारी सोयीसाठी केलेली आहे. ती वेदवाक्य नव्हे.

इंग्रजीत तर शब्दाची जात जन्माने ठरतच नाही, ती कर्माने ठरते. 'बॅक' हा एकच शब्द पाहावा. पाठ दुखते तेव्हा तो नाम असतो, मागच्या दाराचे वर्णन करताना विशेषण होतो, 'कम बॅक' मध्ये क्रियाविशेषण, आणि मित्राची पाठराखण करावयाची असेल तर क्रियापद. मराठीत नाम आणि क्रियापद सामान्यतः प्रत्ययांवरून ओळखू येतात. इंग्रजीत बहुधा वाक्यातील स्थानावरून. म्हणून सुटा शब्द देऊन 'याची जात ओळखा' असे विचारणारा प्रश्न मुळातच सदोष ठरतो.

संज्ञांच्या भाषांतरानेही घोटाळा वाढतो. 'प्रिपोझिशन' म्हणजे शब्दयोगी अव्यय, असे सांगून शिक्षक मोकळे होतात. पण इंग्रजी प्रिपोझिशन नामाच्या आधी सुटे उभे राहते. मराठीतील 'झाडाखाली' मधला 'खाली' नामाच्या मागून येऊन त्यास चिकटतो. 'द' या उपपदाला तर मराठीत प्रतिशब्दच नाही. मराठी मुलाकडून ते गळते, यात निष्काळजीपणापेक्षा मातृभाषेच्या वळणाचा भाग अधिक असतो. हा भेद त्यास कोणी समजावून सांगत नाही. केवळ गुण कापले जातात.

यावर व्याकरणच काढून टाकावे, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. ते मात्र आततायीपणाचे होईल. 'विषयावर चर्चा करणे' या मराठी वळणावरून कारकून 'डिस्कस अबाउट' लिहितो. 'डिस्कस' हे सकर्मक क्रियापद असून त्याचे कर्म थेट पुढे येते, हे ज्यास कळले तो ही चूक स्वतःच दुरुस्त करील, आणि अशा इतर चुकाही त्याच्या ध्यानात येतील. संज्ञा हे हत्यार आहे. ते चालवावयास शिकविले पाहिजे, नुसते पुजावयास नव्हे.

जून २००० पासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते, तो मुलगा व्याकरणावाचूनही निभावून नेईल. ज्याच्या घरी त्या भाषेचे एक पुस्तक नाही, त्यास शाळेतील तासाखेरीज दुसरा आधार नाही. त्याच्या पदरी केवळ आठ नावांची माळ टाकणे, हा त्याच्यावर अन्याय आहे. आधी वाक्य, मग शब्दाचे काम, त्यानंतर त्या कामाचे नाव आणि शेवटी मराठीशी तुलना, असा क्रम शिक्षकांनी धरावा. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही तोच धरला, तर व्याकरणाची भीती जाऊन त्याचा उपयोग उरेल.