रिकाम्या किलोमीटरचा हिशेब

ॲपवर गाडी चालवणाऱ्याची कमाई म्हणजे प्रवाशाने मोजलेले भाडे नव्हे, आणि रात्री ॲप बंद करताना पडद्यावर दिसतो तो आकडाही नव्हे. भाड्यातून कंपनीचे कमिशन किंवा वर्गणी, इंधन, टोल, टायर, सर्व्हिसिंग, विमा, पासिंग, कर्जाचे व्याज आणि गाडीची झीज वजा केल्यावर जे उरते, तेवढेच चालकाचे. त्याला गाडी जितके तास रस्त्यावर होती तितक्या तासांनी भागले की ताशी मजुरी निघते. कोल्हापुरातल्या बहुतेक मालक-चालकांचा हिशेब मात्र इंधन आणि हप्ता यांपाशीच थांबतो, आणि खरा तोटा त्याच्यापुढे सुरू होतो.

खर्चाची विभागणी आधी नीट व्हायला हवी. गाडी जितकी पळेल तितके वाढणारे खर्च म्हणजे इंधन, ऑइल, टायर, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन. गाडी दारात उभी असली तरी चुकत नाहीत ते विमा, कर, परमिट, पासिंग आणि व्याज. तिसरा खर्च झिजेचा. त्याची पावती कोणी फाडत नाही, म्हणून तो वहीत येत नाही. आठ लाखांना घेतलेली गाडी पाच वर्षांनी अडीच लाखांना गेली, तर मधले साडेपाच लाख रुपये चालकाने रोज थोडे थोडे करून खर्चलेले असतात. हप्ता फिटला की पुढचे सगळे नफ्यातच, अशी समजूत या धंद्यात पक्की आहे. हप्ता फिटल्यानंतरच्या वर्षांत हातात जास्त पैसा खेळतो हे खरे, पण त्यातला मोठा भाग पुढच्या गाडीचा असतो. तो घरखर्चात गेला की सहाव्या वर्षी नव्या गाडीच्या डाउन पेमेंटसाठी पुन्हा दागिने गहाण पडतात.

आता एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे कोणा एका चालकाचे नाहीत. ते रीत दाखवण्यासाठी धरले आहेत आणि ज्याने त्याने आपले आकडे घालून हीच बेरीज करायची आहे. गाडी सीएनजीवरची, रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख रुपयांची. कर्ज साडेसहा लाख, पाच वर्षांचे, ११ टक्के व्याजाने. हप्ता साधारण १४,१३० रुपये आणि पाच वर्षांचे एकूण व्याज सुमारे १ लाख ९८ हजार. महिन्याला २६ दिवस, दिवसाला १६० किलोमीटर, म्हणजे वर्षाला जवळपास ५० हजार किलोमीटर. सीएनजी ९० रुपये किलो आणि एका किलोत २० किलोमीटर धरले तर इंधन साडेचार रुपये किलोमीटर. टायर ४० पैसे, सर्व्हिसिंग आणि सुटे भाग १ रुपया. वर्षाचा विमा ४५ हजार, म्हणजे ९० पैसे. कर, परमिट, पासिंग, पीयूसी मिळून २० पैसे. मोबाइल, धुलाई, पार्किंग असा किरकोळ खर्च ३० पैसे. झीज २ रुपये २० पैसे आणि व्याज ८० पैसे. एकूण १० रुपये ३० पैसे. चाक फिरलेल्या प्रत्येक किलोमीटरला हा खर्च येतो, मागे प्रवासी असो वा नसो.

भाडे मात्र प्रवासी बसल्यापासून उतरेपर्यंतचेच मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई महानगरासाठी ॲप टॅक्सीचा दर किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे ठरवण्यात आला. कोल्हापुरात ॲपवरचे भाडे रोज हलते, पण हिशेबासाठी हाच दर धरू. १६० पैकी ९६ किलोमीटर प्रवासी होता आणि भाड्याचे ८० टक्के चालकाला मिळाले, तर दिवसाची आवक १,७४५ रुपये. त्यातून सीएनजीचे ७२० गेले की खिशात हजाराच्या वर रक्कम राहते आणि दिवस बरा गेला असे वाटते. पण १६० किलोमीटरचा पूर्ण खर्च १,६४८ रुपये आहे. उरतात ९७. गाडी बारा तास रस्त्यावर असेल तर ताशी आठ रुपये. मजुरी म्हणण्याजोगी ही रक्कमच नव्हे.

कमिशन शून्य केले तर आवक २,१८१ होते आणि ५३३ रुपये उरतात. त्यातून वर्गणी जायची. आता कमिशन पूर्वीसारखेच २० टक्के ठेवून प्रवासी असलेले किलोमीटर ९६ वरून १२० केले, तर किती उरतात? तेही ५३३ च. साठ टक्के भरलेली गाडी बिनकमिशन चालवणे आणि पंचाहत्तर टक्के भरलेली गाडी पूर्ण कमिशन देऊन चालवणे, दोन्हींचे उत्पन्न एकच. कमिशनविरुद्ध मोर्चे निघतात आणि ते निघायलाच हवेत. रिकाम्या फेऱ्यांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि त्यांनी होणारे नुकसान तितकेच मोठे आहे. दोन्ही गोष्टी साधल्या, म्हणजे १२० किलोमीटर भरलेले आणि कमिशन शून्य, तर दिवसाला १,०७८ रुपये उरतात, ताशी नव्वदच्या आसपास. त्यावर घर चालू शकते.

म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरने रिक्षांसाठी आणि जून २०२५ मध्ये ओलाने देशभर कमिशनऐवजी ठरावीक वर्गणीची पद्धत आणली, तेव्हा चालकांना झालेला आनंद रास्त होता, पण अपुरा. वर्गणी दिवस सुरू होण्याआधीच द्यावी लागते. भाडे मिळाले नाही तर तो धोका कंपनीचा राहत नाही, पूर्णपणे चालकाचा होतो. ज्याला दिवसाला आठ-दहा भाडी मिळतात त्याला ती परवडते. ज्याला तीनच मिळतात त्याला कमिशन परवडले असते.

कोल्हापूरची रचनाच रिकामे किलोमीटर वाढवणारी आहे. मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, राजारामपुरी, अंबाबाई मंदिराचा परिसर हे सगळे थोड्या अंतरात. इथल्या छोट्या भाड्यांवर रिक्षांचा हक्क जुना आहे आणि खेड्याकडे जाणारा प्रवासी वडापला, म्हणजे सीटप्रमाणे चालणाऱ्या गाड्यांना, जातो. कॅबच्या वाट्याला येतात ती लांबची, बहुधा एकेरी भाडी. शहरातून उजळाईवाडी विमानतळाचे भाडे घ्या, अंतर नऊ किलोमीटर धरून. वरच्या दराने भाडे २०४ रुपये, कमिशन गेल्यावर १६३. विमाने मोजकीच असल्याने परतीचा प्रवासी मिळेलच असे नाही. रिकामे परतले तर अठरा किलोमीटरचा पूर्ण खर्च १८५ रुपये. घेताना बरे वाटलेले भाडे बावीस रुपये तोट्यात जाते. विमान उतरण्याची वेळ पाहून हे भाडे घेणारा चालक आणि ॲप वाजले म्हणून घेणारा चालक यांच्या कमाईत महिनाअखेर जो फरक पडतो, त्याचे कारण नशीब नव्हे.

पुण्याच्या ड्रॉपला हिशेब थोडा बदलतो. एखादे भाडे घ्यावे की सोडावे हे ठरवताना विमा आणि व्याज बाजूला ठेवावेत, कारण गाडी उभी राहिली तरी ते चुकत नाहीत. हायवेला सीएनजी कमी लागतो. इंधन ३ रुपये ६० पैसे, टायर, देखभाल आणि झीज मिळून किलोमीटरला ७ रुपये २० पैसे धरू. जाऊन-येऊन ४६० किलोमीटरचे ३,३१२ रुपये झाले. साडेतीन हजारांत ड्रॉप ठरवून गाडी रिकामी परतली, तर किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर या चार नाक्यांचा टोल भरायलाही उरलेली रक्कम पुरत नाही. शिवाय कागल ते शेंद्रे रस्त्याच्या सहापदरीकरणाच्या कामात जाणारे तास वेगळेच. याउलट रिटर्न भाडे दीड हजाराचे मिळाले तरी ते जवळजवळ पूर्ण नफ्याचे असते, कारण ते किलोमीटर चालकाला कापायचेच होते. चालकांनी आपसात चालवलेले रिटर्न भाड्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप म्हणूनच कुठल्याही कंपनीच्या बोनसपेक्षा मोलाचे आहेत. परतीच्या वाटेवर सीटप्रमाणे वेगवेगळे प्रवासी भरण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. कंत्राटी परवान्यावर तशी वाहतूक करता येत नाही आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्याला तिथेच फाटा फुटतो. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने पळवणाऱ्याचा धोका तर त्याहून मोठा.

हंगामाचाही विचार हवा. नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, मे महिना आणि दिवाळीची सुट्टी यांत पन्हाळा, नृसिंहवाडी, गगनबावड्याच्या फेऱ्या भरून जातात. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने वकील आणि पक्षकारांची ये-जा वाढली, आणि ती सुट्ट्यांवर अवलंबून नाही, ही जमेची बाजू. पण पंचगंगेचे पाणी चढते तेव्हा सगळे थांबते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला. धंदा बंद असतानाही हप्ता सुरू असतो. चांगल्या महिन्यातली कमाई म्हणजे वर्षाची सरासरी नव्हे, आणि कर्ज काढताना मे महिन्याचा आकडा धरणारा चालक जुलैत अडकतो.

हा हिशेब अवघड आहे हे जगाने अनुभवले आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने प्रसिद्ध केलेल्या स्टीफन झोफ यांच्या अभ्यासात उबर-लिफ्ट चालकांचा खर्च वजा जाता मध्यम नफा ताशी ३.३७ डॉलर असल्याचे आले. चालकांना विचारलेल्या उत्पन्नाच्या प्रश्नाचा अर्थ नीट लागत नाही, असा आक्षेप उबरच्या अर्थतज्ज्ञाने घेतला. फेरहिशेबात एका पद्धतीने ८.५५ आणि दुसऱ्या पद्धतीने १० डॉलर आले. चालक सांगतो ती रक्कम त्याच्या एकूण उत्पन्नाची की फक्त ॲपवरच्या कामाची, एवढ्या एका फरकाने उत्तर जवळपास तिप्पट झाले. न्यूयॉर्क शहराने त्यापुढे पाऊल टाकले. फेब्रुवारी २०१९ पासून तिथे ॲपचालकांना खर्च वजा जाता ताशी १७.२२ डॉलर मिळावेत असे किमान भाडे ठरले, आणि सूत्रात चालकाच्या एकूण वेळेपैकी प्रवासी गाडीत असल्याचा वेळ ५८ टक्के धरला गेला. रिकाम्या वेळेचा मोबदला भरलेल्या फेरीतून मिळाला पाहिजे, हे तत्त्व तिथे नियमात उतरले.

आपल्याकडे हे तत्त्व अजून अर्धवटच पोहोचले आहे. रिक्षा-टॅक्सीच्या मीटरदरासाठी २०१२ ची हकीम समिती आणि पुढे २०२० मध्ये राज्याने स्वीकारलेल्या खटुआ समितीच्या शिफारशी यांत वाहनाची किंमत, इंधन, देखभाल, विमा यांचा विचार आहे. ॲपच्या भाड्याला असे सूत्र कित्येक वर्षे नव्हते. केंद्राच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चालकाला भाड्याचे किमान ८० टक्के देण्याची तरतूद आली. जुलै २०२५ च्या सुधारित सूचनांत स्वतःची गाडी असलेल्या चालकासाठी ती कायम आहे, आणि प्रवाशापर्यंत रिकामे जाण्याची भरपाई म्हणून किमान तीन किलोमीटरचे मूळ भाडे आकारण्याची मुभा आहे. परतीच्या रिकाम्या प्रवासाबद्दल मात्र त्यात काही नाही, आणि मध्यम शहरांतला चालक नेमका तिथेच मार खातो. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीसाठी द्यायची आहे. तो लाभ हवा असेल तर ई-श्रम पोर्टलवरची नोंदणी टाळून चालणार नाही.

रिक्षाचालकांनाही हाच हिशेब लागू आहे, फक्त आकडे लहान आहेत. कोल्हापूरच्या रिक्षांची देखणी सजावट राज्यभर नावाजलेली आहे आणि इथे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात. तो अभिमान जपण्यासारखाच आहे. पण सीट कव्हर, पॉलिश, स्टील आणि रंगकाम यांवरचा पैसाही धंद्याच्या खर्चात लिहिला गेला पाहिजे.

वही ठेवायला फार काही लागत नाही. सकाळी निघताना आणि रात्री परतल्यावर मीटरचे किलोमीटर, प्रवासी असलेले किलोमीटर, सुरू आणि बंद करण्याची वेळ, आवक आणि इंधन, एवढ्या नोंदी पुरेत. महिनाअखेर एकूण किलोमीटरला आपल्या खर्चाच्या दराने गुणायचे. झिजेची रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि तिला हात लावायचा नाही. आयकरात भाड्याने चालणाऱ्या वाहनावर वर्षाला ३० टक्के घसारा मिळतो. ज्याची वही आहे त्याला तो मागता येतो, आणि नव्या कर्जासाठी बँकेपुढे विवरणपत्र ठेवता येते.

संघटनांचे काम याहून मोठे आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिवहन प्राधिकरणापुढे दरवाढीची मागणी जाते ती बहुधा महागाई वाढली एवढ्याच आधारावर. याच शहराने शहरांतर्गत टोलविरुद्ध लढताना रस्त्यांचे फेरमूल्यांकन करायला लावले होते, आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. त्या लढ्यात घोषणांइतकाच आकड्यांचा वाटा होता. कोल्हापुरातल्या प्रत्येक रिक्षा स्टँडने आणि टॅक्सी संघटनेने आपल्या सभासदांच्या तीन महिन्यांच्या नोंदी गोळा कराव्यात, रिकाम्या किलोमीटरचे प्रमाण काढावे आणि परतीच्या प्रवासाचा भार भाड्यात धरण्याची मागणी त्या कागदांसह प्राधिकरणापुढे ठेवावी.