गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची रुग्णा आणि आपले कर्तव्य

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णा आढळल्या. त्यांतील कित्येकींचा पहिला किंवा शेवटचा आधार आपणच, म्हणजे गावोगावचे वैद्य असतो. म्हणून आपल्या व्यवहाराचा परखड विचार होणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

व्याधी आसपासच्या भागात पसरली असल्यास सुमारे पाच आठवडे बाह्य किरणोपचार, त्यासोबत दर आठवड्यास सिस्प्लॅटिन आणि त्यानंतर ब्रॅकिथेरपी असा उपचारक्रम रूढ आहे. तो आठ आठवड्यांत पूर्ण होणे इष्ट. विलंब झाल्यास यशाची शक्यता घटते. नेमके मध्यावरच अतिसार, मूत्रदाह, अरुची व दौर्बल्य बळावते आणि रुग्णा आपल्याकडे येऊन म्हणते, "डॉक्टर, आता शेक नकोत, तुमचेच औषध द्या."

अशा वेळी तिला ठेवून घेणे हा आयुर्वेदाचा गौरव नव्हे. तिला धीर देऊन परत पाठविणे, हीच खरी चिकित्सा होय. या काळात बस्ती, उत्तरबस्ती वा योनिधावन करू नये. तेथील त्वचा-कला अत्यंत नाजूक झालेली असते. सिस्प्लॅटिनमुळे वृक्कांवर भार पडत असता त्यात भस्मांची भर घालू नये. पेज, मऊ भात, मुगाचे कढण यांसारख्या लघु आहाराचा सल्ला अवश्य द्यावा. मात्र कर्करोगतज्ज्ञांस कळविल्यावाचून कोणतेही औषध देऊ नये.

उपचार संपल्यानंतरची चूक अधिक सूक्ष्म असते. किरणोपचारानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, गुदमार्गे रक्तस्राव होऊ शकतो. आम्ही स्वतः एका रुग्णेस, पूर्वेतिहास न विचारता, पंधरा दिवस रक्तार्शाची औषधे दिली. ती कर्करोगाविषयी आपण होऊन बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्या ठिकाणी क्षारकर्म केले असते, तर भरून न येणारा व्रण पदरी पडला असता. ही आठवण आजही आम्हांस अस्वस्थ करते.

आणखी एक प्रश्न आपण टाळतो. योनिमार्गाचा संकोच, रूक्षता आणि अकाली रजोनिवृत्ती यांमुळे तिचे वैवाहिक जीवन विस्कटते. ती लाजेने बोलत नाही, आपण संकोचाने विचारत नाही. योनिमार्ग मोकळा राहण्यासाठी विस्फारकाचा उपयोग सुचविला जातो, हेही तिला पुष्कळदा ठाऊक नसते. हा संसर्गजन्य रोग आहे, या समजुतीने घरात तिचे ताट वेगळे होते. पतीस समोर बसवून ही समजूत दूर करणे वैद्याच्या अधिकारातील गोष्ट आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत उपस्थात्यास स्थान दिले आहे. कर्करोगात भिषक्‌पदाचा आग्रह सोडून आपण सुजाण उपस्थाता झालो, तरी त्या माउलीचे जगणे पुष्कळ सुसह्य होईल.