माहितीची गळती आणि भरपाईचा हक्क

राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी 2013 मध्ये न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने दिलेला एक निकाल व्यापारी वर्गाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुण्यातील वाहन-सुटेभाग व्यवसायातील एका कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून सुमारे 80 लाख रुपये परस्पर वळविले गेले होते. कंपनीच्या संचालकांनी बनावट ई-मेलला उत्तर दिले होते, म्हणजे चूक त्यांच्याकडूनही घडली होती. तरीही ज्या बनावट खात्यांत रक्कम गेली, त्यांच्या बाबतीत बँकेने पुरेशी दक्षता घेतली नाही, असे ठरवून 45 लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश झाला. ‘चूक आपलीच, आता कोणत्या तोंडाने तक्रार करायची’ असे म्हणून गप्प राहणारे व्यापारी थोडे नाहीत. हा निकाल त्यांच्यासाठी आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ नुसार, संवेदनशील माहिती सांभाळण्यात संस्थेने हयगय केली आणि त्यातून नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. 5 कोटी रुपयांपर्यंतचा दावा याच सचिवांपुढे चालतो. मात्र 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची मुख्य कलमे मे 2027 मध्ये लागू होतील, तेव्हा हे कलम वगळले जाईल. नव्या कायद्यात दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे; पण तो सरकारी तिजोरीत जमा होतो, ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही पडत नाही. एवढी उणीव राहायला नको होती. जमेची बाजू अशी की, गळती झाल्यावर संस्थेला प्रत्येक बाधित व्यक्तीस विनाविलंब कळवावे लागेल: काय फुटले, परिणाम काय संभवतो आणि तिने स्वतः काय करावे.

बँकेच्या खात्यासाठी मात्र रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने पुढील नियम घालून दिले. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही, गळती तिसरीकडेच झाली, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास खातेदारावर एका रुपयाचाही बोजा पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळविल्यास बचत खात्यावर जास्तीत जास्त 10 हजार आणि मोठ्या सरासरी शिलकेच्या चालू खात्यावर 25 हजारांपर्यंत तोटा सोसावा लागतो. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तरी तक्रारीनंतर होणारे नुकसान बँकेचेच. खातेदाराचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच आहे.

धारणीच्या व्यापाऱ्याची अडचण निराळी. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर मेळघाटचा घाट ओलांडून दिवस मोडतो आणि तीन दिवस असे निघून जातात. म्हणून आधी 1930 वर दूरध्वनी, त्याच वेळी बँकेच्या मदत क्रमांकावर तक्रार. शाखेत लेखी अर्ज दुसऱ्या दिवशी दिला तरी चालेल, पण पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. तक्रार क्रमांक, संदेश आणि खातेउतारा एकत्र ठेवावा. पुढे सचिवांपुढे तोच पुरावा ठरतो.

आधार क्रमांक फुटला असल्यास एम-आधारवरून बोटांचे ठसे कुलूपबंद करावेत. अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या केंद्रांमुळे या भागात हे अधिकच गरजेचे आहे. पॅन फुटला असल्यास जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून आपल्या नावे परराज्यात कुणी पेढी थाटली नाही ना, हे पाहावे. अशा बोगस नोंदणीची नोटीस हाती पडेपर्यंत अनेकांना पत्ताही नसतो. प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एक पतअहवाल विनामूल्य मिळतो. अनोळखी कर्ज तेथेच प्रथम दिसते.

गळतीची दुसरी बाजू दुकानातच असते. उधारीसाठी ग्राहकांच्या आधारकार्डाची छायाचित्रे मुनीमजींच्या मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात. तो मोबाइल हरवला, तर नव्या कायद्यानुसार त्या प्रत्येक ग्राहकाला, मग तो दूरच्या पाड्यावरचा कोरकू शेतमजूर का असेना, कळविण्याचे दायित्व पेढीच्या मालकाचे राहील. उधारी फिटली की ते छायाचित्र त्याच दिवशी पुसून टाकता येते.