कॅमेरा तिने दुरुस्त करायचा, पासवर्ड मात्र त्याचा

‘कॅमेरा दिसत नाहीये, जरा बघ काय झालंय.’ गेली काही वर्षं आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायांच्या बोलण्यात हे वाक्य वरचेवर येऊ लागलं आहे. नवरा दुबईला असतो, नाहीतर नुसता दोन स्टेशनं पलीकडच्या ऑफिसात. घरात कॅमेरा आणि त्याच्या मोबाइलवर घर. मध्येच चित्र थिजतं, ‘ऑफलाइन’ अशी अक्षरं येतात आणि लगेच घरी फोन. तू प्लग काढलास का? कुठे होतीस? कोण आलं होतं? मग ती हातातली कणीक टाकून राउटर बंद-चालू करते आणि आपल्यावरची नजर आपल्याच हाताने पुन्हा सुरू करून देते.

मैत्रिणींनो, या कॅमेऱ्याकडे आपण संघटना म्हणून अजून नीट पाहिलेलं नाही. ‘सुरक्षेसाठी आहे, चांगलंच आहे’ असं म्हणून आपण पुढे जातो, किंवा ‘ते टेक्निकल आहे, मुलाला विचार’ असं म्हणतो. दुसरं वाक्य मला जास्त घातक वाटतं.

घरातल्या कॅमेऱ्याचा जन्म एका बाईच्या गरजेतून झाला, हे फार जणींना ठाऊक नसतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही कृष्णवर्णीय नर्स. ड्यूटीच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे फार, आणि बोलावलं तर पोलीस वेळेवर येत नसत. तिने नवऱ्याच्या मदतीने एक यंत्रणा तयार केली: दारात वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांतून बाहेर पाहणारा सरकता कॅमेरा, आणि झोपायच्या खोलीत पडदा. बाहेरच्याशी बोलायची सोय होती, दार उघडायला एक बटण होतं, मदत बोलवायला दुसरं. १९६६ साली तिने पेटंटसाठी अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळालं. भिंग बाहेर रोखलेलं आणि बटणं बाईच्या हाताशी, अशी ती रचना होती. आपल्याकडच्या घरांत आज उलटं दिसतं. भिंग हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दिशेने, आणि बटण दुसऱ्याच्या खिशात.

आता ही वस्तू चालते कशी ते पाहू, कारण भांडणाची निम्मी उत्तरं तिथेच आहेत. वाय-फायचा कॅमेरा चित्र थेट मोबाइलकडे पाठवतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो आधी कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि परगावचा मोबाइलही त्या सर्व्हरच्याच दारात उभा असतो. ही साखळी कुठेही तुटू शकते. वीज गेली, अडॅप्टर सैल झाला, इंटरनेटचं रिचार्ज संपलं, कंपनीचा सर्व्हर बसला, परगावच्या मोबाइललाच रेंज नाही. राउटर नवा बसवला किंवा वाय-फायचा पासवर्ड बदलला, तर कॅमेरा नव्याने जोडल्याशिवाय सुरू होत नाही. स्वस्तातले बरेच कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. नवा राउटर २.४ आणि ५ अशा दोन्ही लहरी एकाच नावाखाली दाखवतो, तेव्हा ते जोडून घ्यायला खळखळ करतात. आणि वायरवाले कॅमेरे, ज्यांचा डीव्हीआर नावाचा डबा टीव्हीखाली असतो, ते बाहेरून पाहण्यासाठी पूर्वी राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवत. आता अनेक इंटरनेट कंपन्या पुष्कळ गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. चाळीतल्या सगळ्या खोल्यांना एकच पत्रपेटी असावी तसं. मग काल चालणारं पोर्ट आज चालत नाही, आणि घरात कुणी कशाला हातही लावलेला नसतो.

‘तूच काहीतरी केलंस’ या आरोपाला ‘मला काय कळतंय त्यातलं’ हे उत्तर पुरत नाही. ते उत्तर देणारी बाई मार खाते, हे मी पाहिलं आहे. राउटरवरचा दिवा लाल आहे, म्हणजे बहुधा लाइनच गेली आहे, एवढं ठामपणे सांगता आलं तर निदान त्या दिवसापुरती तिच्या पायाखाली जमीन असते.

पुढचा भाग मालकीचा. कॅमेरा पहिल्यांदा ज्या मोबाइलवरून जोडला, त्या खात्याच्या नावावर तो बांधला जातो. बाकीच्यांना तो खातेदार ‘शेअर’ देईल तेवढंच दिसतं. तो कुणाला काढू शकतो, चित्रं पुसू शकतो, आवाज ऐकू शकतो. पुष्कळ बायांना वाटतं की टाचणीने रीसेटचं बटण दाबलं की सुटलो. अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत रीसेटनंतरही जुनं खातं सुटत नाही, आणि दुसऱ्या मोबाइलवर जोडायला गेलं की ‘दुसऱ्या खात्याशी जोडलेला आहे’ असा निरोप येतो. अशा वेळी खरेदीचं बिल आणि खोक्यावरचा सीरियल नंबर कामाला येतो, म्हणून ते जपून ठेवायला सांगावं. कधी कधी तर बसवायला आलेला मुलगाच स्वतःच्या मोबाइलवरून खातं उघडून देतो आणि मूळचा पासवर्ड तसाच राहतो. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीच्या वेळची बायांची चित्रं कॅमेऱ्यातून चोरून विकली गेल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीला आलं. तिथे असाच सहज ओळखता येणारा पासवर्ड होता, असं बातम्यांत आलं. आणि नजर फक्त चोराची असते असंही नाही. रिंग या अमेरिकन कॅमेरा कंपनीतल्या एका नोकराने झोपायच्या खोल्यांतल्या, न्हाणीघरांतल्या बायांची हजारो चित्रणं पाहिली, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली केला.

एक गोष्ट मात्र कार्यकर्त्यांनी पक्की लक्षात ठेवावी. हिंसा असलेल्या घरातल्या बाईला ‘प्लग उपटून टाक’ असा सल्ला देऊ नका. कॅमेरा बंद झाल्याची सूचना बऱ्याचदा त्याच्या मोबाइलवर जाते, आणि तो कुठे आहे, किती वेळात घरी पोचेल, हे आपल्याला माहीत नसतं. आधी तिच्या निघण्याची, मुलांची, कागदपत्रांची सोय, मग प्लग. कॅमेऱ्यात स्वतंत्र सिम असेल तर वाय-फाय बंद करूनही उपयोग नाही, हेही तपासावं. आणि बोलणं कॅमेऱ्याच्या खोलीत नको. त्याला कानही असतात.

उलट बाजूही आहे. त्याच कॅमेऱ्यात तिला झालेली मारहाण टिपली गेलेली असू शकते. पण कार्ड भरलं की जुनं पुसून नवं चढतं, तेव्हा दिवस घालवून चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणाबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावं.

कायद्याचं म्हणाल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कॅमेऱ्याचं नाव नाही, पण मानसिक छळ आहे, आणि सतत पाहत राहून जाब विचारणं त्यात मांडता येतं. एकांतातल्या खाजगी कृतीचं चोरून चित्रण झालं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. मला सर्वात उपयोगी वाटतो तो कोलकाता उच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल. भांडण दोन भावांचं होतं. घरात राहणाऱ्या दुसऱ्याच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. भावाला जी संमती विचारायची, ती बायकोला का नाही? हा प्रश्न आपल्या वकील मैत्रिणींनी कोर्टात उभा करायला हवा. घरकाम करणाऱ्या बायांच्या संघटनांनीही. त्यांना तर कॅमेरा आहे हे सांगण्याचीसुद्धा कुणाला गरज वाटत नाही.

मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. एकटी राहणारी बाई, अमेरिकेतल्या मुलीला रोज दिसणारी पुण्यातली आई, घराबाहेर काढलेला नवरा दारात येऊन धिंगाणा घालतो अशी मैत्रीण, या सगळ्यांना तो हवाच आहे. त्यांनाही तो बंद पडला की दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं.

उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कामातून १९९० च्या दशकात दलित बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, तेव्हा ‘हे बायकांचं काम आहे का’ असंच लोक म्हणाले होते. आमच्या केंद्रात आम्ही एक जुना कॅमेरा आणि एक राउटर टेबलावर मांडून ठेवला आहे. दर दुसऱ्या शनिवारी जोडायचा, तोडायचा, ‘शेअर’ची यादी उघडायची, पासवर्ड बदलायचा, एवढंच करतो. नवीन केस लिहून घेताना तीन प्रश्न वाढवले आहेत: घरात कॅमेरा आहे का, खातं कुणाच्या नंबरावर आहे, वाय-फायचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे का. तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या बायांमध्ये शिकलेल्या, नोकरी करणाऱ्याही पुष्कळ आहेत. तुमच्याकडच्या फॉर्ममध्येही हे प्रश्न घाला आणि काय उत्तरं येतात ते पुढच्या अंकासाठी कळवा.