‘पार्ट मिळत नाही’ ही सबब आता पुरे



येत्या महिन्यात आमच्या मंडळीच्या पंचकमिटीपुढे एक ठराव येणार आहे. मिशनच्या काळापासून वेदीच्या डाव्या बाजूला उभा असलेला पायाचा ऑर्गन भंगारात द्यायचा. चार पट्ट्या मुक्या झालेला जुना कीबोर्डही त्याच्याबरोबर काढायचा. मग कापणीच्या सणाला जे अर्पण आले, त्यातून नवा कीबोर्ड घ्यायचा. भंगारवाला येऊन बघून गेला आहे. लाकडाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही, पितळ किती निघेल एवढेच विचारले. या सगळ्याला कारण एकच सांगितले जाते: “मॉडेल बंद झाले, आता पार्ट मिळत नाही.”

या ठरावाला आमचा विरोध आहे. तो कमिटीत तोंडी सांगून झाला, आता लिहून सांगतो. कारण हा एकट्या आमच्या मंडळीचा प्रश्न नाही. भालकी असो, औराद असो, बसवकल्याण, हुमनाबाद की आळंद असो, या सीमाभागात जिथे जिथे मराठी उपासनेला आम्ही गेलो, तिथे कोपऱ्यात चादर टाकलेले एखादे मुके वाद्य दिसलेच, आणि चौकशी केली की हेच वाक्य ऐकू आले.

आमचा पहिला प्रश्न साधा आहे: कोणता पार्ट? बैठकीत आम्ही तो विचारला तेव्हा कोणालाच उत्तर देता आले नाही, कारण ऑर्गनची मागची फळी काढून आत कोणी पाहिलेच नव्हते. न तपासता आजारी माणसाला मेलेला ठरवले तर आपण त्याला काय म्हणू?

ऑर्गनच्या आत काय असते ते एकदा पाहाच. खाली भाता, त्याला रबर चढवलेले कापड. पायाने हवा ओढायची, ती हवा पितळेच्या पातळ पात्यांवरून जाते आणि सूर निघतो. आपली हाताची पेटी हवा बाहेर ढकलते, हा ऑर्गन हवा आत ओढतो, एवढाच मुख्य फरक. बाकी सगळे चामडे, नमदा, स्प्रिंगा आणि लाकूड. यांतली कोणती वस्तू कंपनीशिवाय मिळत नाही? भात्याचे कापड फाटले तर नवे चिकटवता येते. चामडे कडक झाले, नमदा उंदरांनी खाल्ला, तर दोन्ही बाजारात मिळतात. एखादा सूर बोलत नसेल तर पुष्कळदा त्या पात्याखाली धुळीचा कण अडकलेला असतो, तो हलक्या हाताने काढला की सूर पुन्हा बोलतो. बेसूर झालेले पाते टोकाशी किंचित खरवडले की सूर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो. पाते तुटलेच, तर दुसऱ्या मोडक्या ऑर्गनमधले मापाचे पाते काढून बसवतात, नाहीतर कारागीर नवे घडवतो.

हे ऑर्गन बनवणारे कारखाने बंद झाले, हे खरे आहे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीने पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले, आणि 1960 च्या सुमारास तीही बंद पडली. पण आपल्या मराठी संगीत नाटकाला ऑर्गनशिवाय रंग चढत नाही, आणि नाटकवाल्यांनी कारखाना बंद झाला म्हणून ऑर्गन फेकले नाहीत. जुने जपले, दुरुस्त केले. कोकणात तर एका कारागिराने आपल्या हाताने नवा ऑर्गन घडवला. नाट्यपदासाठी एवढा जीव टाकणारी माणसे आपल्याच भाषेत आहेत. मग देवाच्या स्तुतीसाठी आपण मागची फळीसुद्धा उघडू नये?

आता कीबोर्ड. तो विजेचा, तेव्हा त्याला हात लावायचा नाही, अशी आपली समजूत. पण चार पट्ट्या वाजत नाहीत म्हणजे कीबोर्ड मेला असे नव्हे. पट्ट्यांखाली रबराची एक पट्टी असते, तिच्यावर काळे कार्बनचे ठिपके असतात. बोट दाबले की ठिपका खालच्या सर्किटवर टेकतो आणि आवाज येतो. आपल्याकडची धूळ आणि दमट हवा त्या ठिपक्यांवर बसते. खोलून, स्पिरिटच्या बोळ्याने सर्किट हलके पुसले की कित्येक पट्ट्या पुन्हा वाजू लागतात. रबर झिजलेच असेल, तर बहुतेक कीबोर्डांत ते तुकड्या-तुकड्यांनी बसवलेले असते. अगदी उजवीकडच्या टोकाच्या सप्तकाला आपल्या गीतांत फारसे काम नसते. तिथला तुकडा मधे बसवायचा आणि मधला टोकाला. पैसा लागत नाही, एक संध्याकाळ लागते.

आणखी एक गोष्ट. कितीतरी कीबोर्ड झिजून मरत नाहीत, आपण त्यांना मारतो. मूळ अडॅप्टर हरवला की कोणीतरी घरातला दुसरा आणून लावतो. पिन बसली म्हणजे काम झाले, असे आपल्याला वाटते. पण एखाद्या कीबोर्डाला पिनच्या मध्यभागी ऋण टोक लागते, तर दुसऱ्याला धन. एकाला 9 व्होल्ट लागतात, दुसऱ्याला 12. हे सगळे कीबोर्डच्या मागे किंवा तळाला छापलेले असते. ते न वाचता लावलेल्या अडॅप्टरने यंत्र जळते, आणि मग आपण खुशाल म्हणतो, “पार्ट मिळत नाही.”

खोटे बोलायचे नाही, म्हणून हेही सांगतो. काही वेळा पार्ट खरोखरच मिळत नाही. कीबोर्डची मुख्य चिप जळाली तर ती कंपनीने त्या मॉडेलपुरतीच बनवलेली असते, ती कुठल्या दुकानात मिळणार? तेव्हा नवा घ्यावाच लागेल, आमचे काही म्हणणे नाही. पण तरीही मेलेला कीबोर्ड भंगारात द्यायचा नाही. त्याची रबरे, पट्ट्या, स्पीकर आणि बटणे दुसऱ्या गावच्या कीबोर्डाला जीव देऊ शकतात. बंद झालेल्या मॉडेलचा सर्वांत चांगला पार्ट त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मेलेल्या यंत्रात असतो. भंगारवाल्याला हे कळते, आपल्याला कळत नाही!

कोणी म्हणेल, काळ पुढे गेला, जुने वाद्य गेले तर गेले. काळाचा दाखला आम्हीही देतो. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. परदेशी वाद्य, मींड निघत नाही, आपल्या श्रुतींना बसत नाही, असे मोठमोठ्यांचे म्हणणे होते. 1971 पर्यंत ही बंदी टिकली. तीस वर्षे सरकारी रेडिओने दार लावून घेतले, तरी पेटी मेली का? नाही. भजनी मंडळांत, तमाशाच्या फडांत आणि आपल्या देवळांत लोक भाता शिवत राहिले, सूर बदलत राहिले. वाद्य जिवंत राहते ते बनवणाऱ्यामुळे नव्हे, दुरुस्त करणाऱ्यामुळे. नारायण वामन टिळकांनी आपल्याला देशी चालींची भजने दिली. ती आजवर पोचली ती कोणा कंपनीच्या कृपेने नव्हे, गावोगावच्या पेटीवाल्यांच्या बोटांनी.

आता शास्त्र उघडू या. 2 राजे, अध्याय 12. योवाश राजाच्या 23 व्या वर्षापर्यंत मंदिरासाठी पैसा येत होता, पण मोडतोड तशीच होती. तेव्हा यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. जमलेला पैसा सुतारांच्या, गवंड्यांच्या आणि पाथरवटांच्या हाती गेला. आणि वचन मुद्दाम काय नोंदवते ते पाहा: त्या पैशातून चांदीचे पेले झाले नाहीत, कर्णेही झाले नाहीत. कर्णे म्हणजे वाद्येच ना? नवी वाद्ये मागे राहिली, डागडुजी पुढे झाली. आपल्या कमिटीच्या वहीत ‘नवीन खरेदी’ असा रकाना आहे, ‘दुरुस्ती’ असा रकानाच नाही. यहोयादाने ही वही पाहिली तर तो काय म्हणेल?

दुसरे वचन 1 शमुवेल, अध्याय 13 मधले. इस्राएलात एकही लोहार उरला नव्हता. नांगराचा फाळ पाजळायचा तरी पलिष्ट्यांकडे उतरावे लागे, आणि ते मागतील तो दाम द्यावा लागे. ज्या लोकांना आपले अवजार धार लावता येत नाही, ते शत्रू न दिसताही गुलाम असतात. आज आपली अवस्था वेगळी आहे का? कंपनी म्हणते मॉडेल बंद, की आपली उपासना बंद. केंद्र सरकारनेही 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून संकेतस्थळ काढले, कारण वस्तू विकत घेणाऱ्याला ती दुरुस्त करता यावी, हे आता जगभर मानले जाऊ लागले आहे. पण हक्क बजावायला आधी इच्छा लागते.

आणि हे आपण कुठे बसून बोलतो आहोत? बीदरमध्ये! जिथले कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदीची तार ठोकून बसवतात, किल्ल्यातल्या मातीने ते काळे करतात, आणि ज्यांच्या कामाला सगळे जग मान देते. मिरजेत हत्यारे घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांतूनच तंबोरे-सतारी घडवणारे कारागीर तयार झाले. हात तेच, काम बदलले. अशा मुलखात पितळेच्या एका पात्यासाठी हात टेकणे आपल्याला शोभते का?

“तरुणांना नवे हवे,” असे कमिटीतल्या एका बंधूंनी सांगितले. तरुणांना आम्ही रविवारच्या वर्गात शिकवतो, त्यांना काय हवे ते थोडेफार कळते. त्यांना हात घालायला काम हवे असते. मोबाईल खोलून जोडणारी पोरे आपल्या मंडळीत आहेत, त्यांना कोणी ऑर्गनजवळ बोलावलेच नाही. उलट, पेनड्राइव्हवर ट्रॅक लावायला मात्र बोलावले. आणि आमच्या मंडळीत चाळीस वर्षे पेटी वाजवणारे काका? तीन सूर गेले, दुरुस्ती झाली नाही, ट्रॅक सुरू झाला, आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले. परवा आम्ही विचारले, तर म्हणाले, “पेटीचं काय घेऊन बसलात, माझाच पार्ट मिळत नाही आता.” ते हसले. आम्हाला हसू आले नाही.

तेव्हा कमिटीला आणि शेजारच्या मंडळ्यांना आमची विनंती अशी आहे. ठराव तीन महिने पुढे ढकला. वाद्य उघडा आणि नक्की काय बिघडले ते कागदावर लिहा. मॉडेल आणि क्रमांक टिपा, फोटो काढा. पेटी-ऑर्गन दुरुस्त करणारे कारागीर पुण्या-मुंबईत आणि मिरजेत आजही आहेत, त्यांना तो फोटो दाखवा. एका मुलाला चार दिवस त्यांच्याकडे पाठवा, भाडे आणि जेवण मंडळीने द्यावे. मेलेली वाद्ये पाच-सहा मंडळ्यांनी मिळून एका खोलीत ठेवावीत, ज्याला जे लागेल ते त्याने तिथून न्यावे. आणि जमाखर्चात ‘दुरुस्ती’ हा रकाना याच वर्षी घालावा. इतके करूनही काम झाले नाही, तर नव्या कीबोर्डासाठी पहिली वर्गणी आम्ही देऊ.

ते अर्पण कोणी दिले हे विसरू नका. तुरीची रास झाली तेव्हा पदराला बांधून आणलेले पैसे त्यात आहेत. आणि तो ऑर्गनही कोणीतरी अशाच अर्पणातून आणला होता. एका पिढीचे अर्पण भंगारात घालून दुसऱ्या पिढीचे अर्पण उधळायचे, याला कारभारीपण म्हणत नाहीत.

रविवारी उपासनेनंतर आम्ही पेचकस घेऊन ऑर्गनजवळ थांबणार आहोत. काकांना बोलावले आहे. मागची फळी काढायला दोघे-तिघे तरुण हवेत.

प्रभू आपल्या सर्वांना सद्बुद्धी देवो. आमेन.