केबलची तार सुटली. सामन्याचे दार कुणाच्या हाती?

'जिओ सिनेमा' आणि 'डिस्ने प्लस हॉटस्टार' ही दोन ॲप १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एक झाली आणि 'जिओहॉटस्टार' अस्तित्वात आले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी आयपीएल सुरू झाली. २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षे भ्रमणध्वनीवर विनामूल्य दिसणाऱ्या या स्पर्धेला आता मोबदला पडणार, हे तेव्हा प्रेक्षकांच्या ध्यानात आले. मोबदला तसा फार नव्हता. एका भ्रमणध्वनीपुरती तीन महिन्यांची वर्गणी १४९ रुपये होती आणि अनेकांना ती रिचार्जच्या योजनेतच मिळून गेली. त्यामुळे ओरड झाली नाही. तथापि, प्रश्न दीडशे रुपयांचा नाही. गेल्या तीस वर्षांत या देशात खेळाचे थेट प्रक्षेपण सर्वांना दिसावे यासाठी जी थोडीफार कायदेशीर तटबंदी उभी राहिली, ती केबल आणि छत्रीच्या काळासाठी होती. प्रेक्षक तिथून निघून गेला आहे आणि तटबंदी तिथेच उभी आहे.

प्रेक्षक निघून गेला, ही अतिशयोक्ती नव्हे. केबल कंपन्यांच्या महासंघाने 'ईवाय' या सल्लागार संस्थेसह २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, पैसे भरून दूरचित्रवाणी पाहणारी कुटुंबे २०१८ मध्ये १५ कोटी १० लाख होती. २०२४ मध्ये ती ११ कोटी १० लाखांवर आली. डीटीएचची स्थितीही वेगळी नाही. एकेकाळी सात कोटींच्या घरात असलेले सक्रिय ग्राहक मार्च २०२५ अखेर सुमारे ५ कोटी ७० लाख उरले, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची आकडेवारी सांगते. उलट, १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना एका क्षणी ५ कोटी ९० लाख पडद्यांवर एकाच ॲपवरून पाहिला जात होता. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत आज केबलची जोडणी टिकली असेल तर ती बहुधा मालिका आणि बातम्यांसाठी, घरातल्या ज्येष्ठांच्या आग्रहाखातर. सामना पाहायचा तो ब्रॉडबँडवर किंवा हातातल्या फोनवर.

केबलवाल्याबद्दल फार उमाळे काढण्याचे कारण नाही. ऐन सामन्यात वाहिनी गायब करणे, तक्रारीला उत्तर न देणे, एका इमारतीत दुसऱ्याला शिरू न देणे, हे सारे शहरी वाचकांनी भोगलेले आहे. आधी 'कॅस', मग २०१२ पासून सेट टॉप बॉक्सची सक्ती, मग १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घेण्याची नवी दरपद्धत, अशा प्रत्येक सुधारणेच्या वेळी बिल कमी होईल असे सांगण्यात आले आणि प्रत्येक वेळी अनेक घरांचे बिल वाढले. २०१९ च्या पद्धतीत वाहिन्या घेण्याआधीच १३० रुपये आणि त्यावर कर द्यावा लागे. क्रीडावाहिन्यांचे पैसे त्यापुढे निराळे. फक्त क्रिकेटसाठी हा भार सोसणाऱ्याला ॲप स्वस्त वाटले, यात नवल नाही.

स्ट्रीमिंगचे खरे फायदेही मान्य करायला हवेत. वाहिनीला दिवसाचे चोवीसच तास असतात. ॲपला ती मर्यादा नाही. रणजी करंडकाचे जे सामने पूर्वी वर्तमानपत्रातल्या धावफलकातूनच कळत, त्यांतले अनेक आता दिवसभर पाहता येतात. भाषेचेही तसेच. दुसऱ्या भाषेतील समालोचनासाठी स्वतंत्र वाहिनी काढावी लागत नाही, एक ध्वनिमार्ग जोडला की भागते. २०२३ मध्ये आयपीएलचे मराठी समालोचन ॲपवर होते आणि त्या चमूतील केदार जाधवला स्पर्धा चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने जायबंदी खेळाडूच्या जागी बोलावून घेतले! समालोचकाच्या खुर्चीतून थेट मैदानात जाण्याचे हे उदाहरण विरळाच.

मात्र या व्यवस्थेचे अर्थकारण केबलच्या नेमके उलटे आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. केबलवर किंवा उपग्रहावरून एकच संकेत निघतो; तो हजार घरांनी पाहिला काय किंवा लाख घरांनी पाहिला काय, पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास तोच. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक प्रेक्षकासाठी चित्राची स्वतंत्र प्रत रवाना होते. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवले जातात आणि जोडणीच्या वेगानुसार कमी-अधिक स्पष्टतेचे तुकडे फोन मागवून घेतो. शेजारच्या घरातून 'आउट' अशी आरोळी येते आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो, तो विलंब या तुकड्यांमुळेच. अर्थात मुद्दा विलंबाचा नाही, खर्चाचा आहे. इथे प्रत्येक नवा प्रेक्षक कंपनीचा खर्च वाढवतो. त्यामुळे कोट्यवधी लोकांना सामने फुकट दाखवणे हा व्यवसाय नव्हे; ती बाजार काबीज करण्यासाठी केलेली गुंतवणूक असते आणि कधीतरी ती वसूल करावी लागते.

वसुलीची घाई का आहे, हे हक्कांच्या किमती पाहिल्या की कळते. सप्टेंबर २०१७ मध्ये स्टार इंडियाने आयपीएलचे पाच वर्षांचे सर्व हक्क १६,३४७ कोटी ५० लाख रुपयांना घेतले. जून २०२२ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने दूरचित्रवाणी आणि डिजिटल अशी हक्कांची फाळणी केली. त्या लिलावात भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना, तर डिजिटल हक्क रिलायन्सच्या व्हायकॉम१८ ने २०,५०० कोटींना घेतले. इतर गट धरून एकूण रक्कम झाली ४८,३९० कोटी रुपये. प्रत्येक सामन्यासाठी दूरचित्रवाणीचे साडेसत्तावन कोटी आणि डिजिटलचे पन्नास कोटी, म्हणजे केबलच्या बरोबरीला येण्यास ॲपला फारसे अंतर उरले नव्हते. दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी एकमेकांवर कुरघोडी करत असल्यानेच ही किंमत आली आणि त्यांच्या चढाओढीतच प्रेक्षकाला दोन वर्षे फुकट सामने मिळाले.

पुढे चढाओढ संपली. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम व्यवसायांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि आयपीएलचे दोन्ही प्रकारचे हक्क, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या स्पर्धांचे हक्क आणि भारतातील द्विपक्षीय मालिकांचे हक्क एका छत्राखाली आले. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता देताना काही अटी घातल्या. त्या प्रामुख्याने जाहिरातदारांचे हित पाहणाऱ्या होत्या: क्रिकेटच्या प्रक्षेपणातील दूरचित्रवाणी व डिजिटल जाहिरातींची जागा एकत्र बांधून विकू नये, दर अवाजवी वाढवू नयेत. जाहिरातदाराला असे संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. प्रेक्षकाच्या वर्गणीबाबत मात्र असा विचार झालेला दिसत नाही. त्यातच पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली. तो निर्णय सामाजिकदृष्ट्या समर्थनीय असला, तरी क्रिकेटच्या जाहिरातींतील एक मोठा स्रोत त्यामुळे आटला. जाहिरात घटली की भार वर्गणीवर येणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

इथे कायद्याचा इतिहास आठवावा लागतो. १९९३ च्या हिरो चषकाच्या वेळी बंगाल क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात जुंपली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या खंडपीठाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. दूरदर्शनची मक्तेदारी त्या निकालाने खिळखिळी झाली; पण त्यात सामना पाहणाऱ्याचा अधिकारही मान्य झाला होता. पुढची ठिणगी नागपुरात पडली. २१ जानेवारी २००७ रोजी तेथे झालेला भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना दूरदर्शनवर थेट दिसला नाही, कारण हक्क असलेली निओ स्पोर्ट्स वाहिनी संकेत द्यायला तयार नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटांच्या विलंबाने प्रक्षेपणाची मुभा दिली, सरकारने फेब्रुवारीत वटहुकूम काढला आणि त्याचेच रूपांतर २००७ च्या कायद्यात झाले. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे संकेत प्रसार भारतीला द्यायचे आणि जाहिरातींचे उत्पन्न किमान ७५:२५ या प्रमाणात वाटून घ्यायचे, अशी ही तरतूद आहे. पुरुष संघाचे एकदिवसीय व टी-२० सामने, निवडक कसोटी सामने, ऑलिंपिक, फुटबॉल विश्वचषकाचे महत्त्वाचे सामने असे बरेच काही तिच्यात येते. आयपीएल येत नाही.

या कायद्याचे शब्द आज वाचले की त्यातली पोकळी दिसते. हे सामने प्रसार भारतीने आपल्या भूस्थित आणि डीटीएच जाळ्यावरून दाखवावेत, असे कायदा म्हणतो. पैकी भूस्थित जाळे, म्हणजे ज्या मनोऱ्यांवरून साध्या अँटेनावर दूरदर्शन दिसे, ते सामरिक महत्त्वाची काही ठिकाणे सोडून २०२२ पर्यंत गुंडाळण्यात आले. उरली डीडी फ्री डिश. दूरदर्शनमार्फत हे संकेत खासगी केबलवर नेता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले. आणि महाजालाचा तर कायद्यात उल्लेखच नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे स्वतःचे ॲप सुरू केले. पण त्यावर हे सामने दाखवण्याचा अधिकार २००७ च्या कायद्यातून मिळत नाही. म्हणजे भारताचा सामना विनामूल्य पाहण्याचा हक्क वापरायचा असेल, तर नागरिकाने छतावर छत्री लावली पाहिजे. ग्रामीण भागात कोट्यवधी घरांनी ती लावलेली आहेच. अंधेरीच्या विसाव्या मजल्यावरील भाडेकरूने किंवा पिंपरीच्या एका खोलीत चौघे मिळून राहणाऱ्या कामगारांनी ती कुठे लावायची? त्यांच्यापाशी छत नाही, फोन आहे.

याची चुणूक एकदा दिसलीही होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय संघाचा न्यूझीलंड दौरा ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने घेतला. ज्यांच्याकडे ते ॲप होते त्यांनी सामने पाहिले, ज्यांच्याकडे फ्री डिश होती त्यांनी दूरदर्शनवर पाहिले. आणि महिन्याचे केबलचे पैसे इमानाने भरणारा मधला वर्ग पाहतच राहिला. २०२४ पासून फॉर्म्युला वन शर्यतींसाठी भारतीय चाहत्याला 'फॅनकोड' गाठावे लागले, युरोपीय चॅम्पियन्स लीगसाठी 'सोनी लिव्ह' आणि प्रीमियर लीगसाठी आणखी तिसरेच दार. केबलमध्ये नको असलेल्या वाहिन्यांचे पैसे भरावे लागतात ही तक्रार रास्त होती. आता हव्या असलेल्या खेळासाठी तीन ठिकाणी पैसे भरावे लागतात, एवढाच काय तो बदल.

अन्य देशांनी ही पळवाट ओळखली. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा बदलून, महत्त्वाच्या स्पर्धा स्ट्रीमिंग कंपन्यांनाही परस्पर बळकावता येणार नाहीत अशी व्यवस्था केली. ब्रिटनने त्याच वर्षीच्या माध्यम कायद्यात तशीच दुरुस्ती केली. आपल्याकडे प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. परंतु त्यावरचा वाद यूट्यूबवर बोलणाऱ्यांवर सरकारी अंकुश ठेवावा का, याभोवतीच फिरला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मसुदा सरकारने मागे घेतला. अंकुशाला विरोध झाला तो योग्यच होता. पण त्यासाठी खेळाच्या प्रक्षेपणाचा प्रश्न थांबवून ठेवण्याची गरज नाही. त्याला नवा अवाढव्य कायदा लागत नाही. २००७ च्या कायद्यात 'प्रसार भारतीचे डिजिटल व्यासपीठ' एवढी भर घातली आणि हक्कधारकाच्या व्याख्येत ॲप आणले, तर पुरेसे आहे. आयपीएलला त्यात ओढू नये, असे आमचे मत आहे. ती खासगी संघांची स्पर्धा आहे आणि तिची किंमत बाजाराने ठरवावी. देशाचा संघ खेळतो त्या सामन्यांची गोष्ट निराळी.

हे केव्हा व्हायला हवे, याचे वेळापत्रक हक्कांच्या करारांतच आहे. आयपीएलचे चालू हक्क २०२७ च्या हंगामापर्यंत, आंतरराष्ट्रीय परिषदेच्या स्पर्धांचे २०२७ अखेरपर्यंत आणि भारतातील मालिकांचे मार्च २०२८ पर्यंत आहेत. मागचा आयपीएल लिलाव पर्व सुरू होण्याच्या नऊ महिने आधी झाला होता. तोच हिशेब धरला तर पुढच्या निविदा २०२७ च्या मध्याला निघतील. संकेत वाटून घेण्याची अट तेव्हा कायद्यात असेल, तर बोली लावणारे ती धरूनच किंमत सांगतील. क्रिकेट मंडळाला काही कोटी कमी मिळतील, इतकेच. अट नंतर आली तर, निम्बस कंपनीने २००६ मध्ये चार वर्षांसाठी ६१ कोटी २० लाख डॉलर मोजल्यावर जे घडले तेच पुन्हा घडेल: हक्कधारक न्यायालयात जाईल आणि तोवर सामने सुरू झालेले असतील.